पूर ओसरला, भिंत अजून ओलीच

लादी कोरडी दिसू लागली की घर वाळलं, असं आपण धरून चालतो. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत किंवा २२ जुलै २०२१ ला चिपळुणात आला तसा पूर भर पावसाळ्यात येतो. तेव्हा हवा आणि जमीन दोन्ही पाण्यानं भरलेली असतात.

सगळ्यात पक्का गैरसमज असा, की दारं-खिडक्या सताड उघडून पंखे लावले की चार दिवसांत घर सुकतं. २७ अंश तापमानाला एक घनमीटर हवेत फार तर २६ ग्रॅम बाष्प मावतं. आर्द्रता ९० टक्के असेल तर त्यातले २३ ग्रॅम आधीच भरलेले. भिंतीतली ओल शोषायला जागा उरते जेमतेम अडीच-तीन ग्रॅमची. हिवाळ्यात त्याच तापमानाला आर्द्रता ४५ टक्क्यांवर आली, की हीच जागा पाचपटीहून जास्त होते. म्हणून खिडक्या उघडाव्यात त्या उघडीप मिळेल त्या दुपारी. डीह्युमिडिफायर लावायचा तर मात्र त्या बंदच हव्यात. नाहीतर यंत्र बाहेरची हवा वाळवत बसतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवण्याचा सल्ला कुणी दिला, तर कृपा करून ऐकू नका. विषारी वायूनं जीव जातो.

‘पाणी वरून आलं, खालून काय होणार?’ हा दुसरा समज. कृष्णा-पंचगंगेकाठची काळी माती चिकण असते, पाणी धरून ठेवते. जोत्याखालची ही ओल विटांच्या सूक्ष्म छिद्रांतून वर चढत राहते. पुढे माती सुकून आकसली की भिंतीला तडे जाऊ शकतात, त्यामुळे ते बुजवायची घाई नको. कोकणात जांभ्याच्या जमिनीतून पाणी लवकर झिरपतं हे खरं, पण जांभ्याचा चिराही सच्छिद्र असतो आणि भरपूर पाणी पितो.

गणपती, दिवाळी तोंडावर आली म्हणून पुट्टी आणि ऑइलपेंट मारणं सगळ्यात महागात पडतं. ओल आत कोंडते, क्षार बाहेर येऊन लोणा धरतो, पोपडे सुटतात. आधी फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून दिवसभर ठेवा. मागे थेंब जमले किंवा भिंत काळवंडली, तर थांबा. तुकडा जोत्यालगत लावा. वरची भिंत आधी वाळते आणि फसवते.