दहा चौकोनांवरून मंडळाचे उत्पन्न

शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपल्याकडे घरोघरी रूढ आहे. भात एका भांड्यात, एकाच आचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरते. परंतु बेंबळी मंडळातील सोयाबीन एका भांड्यात शिजत नाही. ओढ्याकाठची काळी जमीन निराळी, माळाची मुरमाड जमीन निराळी. कोणाची पेर आधी साधते, कोणाची मागे राहते. असे असता थोड्या शेतांवरून साऱ्या मंडळाचे उत्पन्न कसे ठरवावे? २०१६ च्या खरिपात सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत पीक कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पादनाशी ताडून भरपाई ठरविली जाते. यास्तव हा हिशेब शेतकरी बंधूंनी समजून घेणे अगत्याचे आहे.

योजनेच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे महसूल मंडळ हे एकक असता मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग व्हावे लागतात. ग्रामपंचायत एकक असता ४. शेत व त्यातील चौकोन चिठ्ठ्या टाकाव्या तसे यदृच्छेने निवडावयाचे असतात. यातच या पद्धतीचे मर्म आहे. नजरेने निवडलेल्या शेतांचा दोष त्यांची संख्या वाढवून जात नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी ही पद्धत आपल्या देशात रुजविली. चौकोन फार लहान घेतल्यास कडेची झाडे आत धरली जाऊन उत्पन्न फुगते, हेही त्यांनी दाखवून दिले.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. १० मीटर लांब व ५ मीटर रुंद अशा दहा चौकोनांत ४, ५, ५, ६, ६, ६, ६, ७, ७ व ८ किलो धान्य निघाले. सरासरी ६ किलो. हेक्टरात असे २०० चौकोन मावतात. म्हणजे हेक्टरी १२ क्विंटल. परंतु हा आकडा म्हणजे अंदाज होय. प्रत्येक वजनाचे सरासरीपासूनचे अंतर घेऊन त्यांच्या वर्गांची बेरीज केली तर ती १२ येते. तीस ९ ने भागून वर्गमूळ काढले असता १.१५ किलो हे विचलन मिळते. यास दहाच्या वर्गमुळाने भागले की सरासरीची प्रमाणचूक सुमारे ०.३७ किलो ठरते.

ही चूक किती पटीने धरावी, हा प्रश्न डब्लिन येथील गिनेस मद्यशाळेतील विल्यम गॉसेट यांनी १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावाने सोडविला. शंभरांत पंचाण्णव वेळा खरी पडेल अशी मर्यादा हवी असल्यास दहा चौकोनांस २.२६ पट घ्यावी, चार असल्यास ३.१८ पट. त्यावरून मंडळाचे खरे उत्पन्न सुमारे १०.३ ते १३.७ क्विंटलांच्या दरम्यान येते. तेवढ्याच विचलनाचे चारच चौकोन असते, तर मर्यादा ८.३ ते १५.७ पर्यंत पसरली असती. उंबरठा ११ क्विंटल असल्यास, नुसत्या सरासरीवर भरपाई नाकारली जाईल. पण खरे उत्पन्न ११ च्या खाली असण्याचा संभव उरतोच.

म्हणून आमची विनंती एवढीच की, प्रयोगाच्या वेळी बांधावर हजर राहावे. चिठ्ठीने आलेला चौकोन चांगल्या वा वाईट पिकाकडे कोणासही सरकवू देऊ नये, आणि आपणही सरकवू नये. सरासरीबरोबर दहाही वजने मागून घ्यावीत. अंदाज कितपत भरवशाचा आहे, हे त्यांतूनच कळते.