भाषांची सरमिसळ म्हणजे मेंदूचा गोंधळ नव्हे

इंडोनेशियात इस्लामी निवासी शाळांना ‘पेसांत्रेन’ म्हणतात. तिथल्या अनेक मुलांची घरची भाषा जावानीज, सुंदानीज किंवा मादुरी असते. देशाची भाषा इंडोनेशियन, तर धर्मग्रंथांची अरबी. काही पेसांत्रेनमध्ये अरबी तासापुरती नसते. पूर्व जावातील गोंतोर इथे १९२६ मध्ये सुरू झालेल्या प्रसिद्ध संस्थेत वसतिगृहातही अरबी आणि इंग्रजी आलटून पालटून बोलण्याचा नियम आहे. अशा काही शाळांत चुकून इंडोनेशियन बोलल्यास शिक्षाही होते.

या दोन भाषांत अंतर बरंच आहे. इंडोनेशियन क्रियापद लिंगानुसार किंवा काळानुसार बदलत नाही, अरबी बदलतं. इंडोनेशियनमध्ये शब्द दोनदा म्हटला की अनेकवचन होतं. ‘बुकू-बुकू’ म्हणजे पुस्तकं. अरबीत ‘किताब’चं ‘कुतुब’ होतं. त्यामुळे मुलं अरबी शब्द इंडोनेशियन घडणीत बसवतात, मध्येच घरचा शब्द पेरतात.

हा आजार नाही. दोन भाषा येणाऱ्याच्या मेंदूत एक बोलताना दुसरीही जागी असते. तिला आवरण्याच्या कामात मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. झोप अपुरी असली किंवा मनात धाक असला की हा ताबा सुटतो आणि नेमका हवा तो शब्द अडतो. भाषा सरावाने येते, भीतीने नाही.

डॉक्टर म्हणून माझा आग्रह मात्र एकाच गोष्टीचा आहे: आजारी मुलाला भाषेचा नियम लावू नये. ‘दुखतंय’ एवढं शिकलेल्या भाषेत सांगता येतं. ठणकतंय, सलतंय की चुरचुरतंय, हा फरक घरच्या भाषेतच नीट उमटतो आणि निदानाला तोच उपयोगी पडतो. दाटीवाटीच्या वसतिगृहांत खरूज झपाट्याने पसरते. खाज रात्री वाढते का, शेजारी झोपणाऱ्यालाही आहे का, हे विचारावं लागतं. शब्द सापडत नाही म्हणून मूल गप्प राहिलं, तर अख्खी खोली खाजवत बसते.

आपल्याकडच्या आश्रमशाळांतही गोंडी, कोरकू, भिली बोलणारी मुलं मराठीत शिकतात. तिथेही तपासणीच्या वेळी मुलाची बोली जाणणारं कुणीतरी शेजारी असावं. वर्गात मराठी जरूर शिकवा. पोट दुखत असताना तिची परीक्षा घेऊ नका.