प्रकाशाशीं स्पर्धा करणारें यान कसें चितारावें?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें तें विवर आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें झालें, हें आतां सर्वमान्य आहे. असे पाषाण साधारणतः सेकंदास २० किलोमीटरांच्या आसपास वेगानें आदळतात. म्हणजे शेगांवाहून खामगांवास पोंचावयास त्यांस जेमतेम एक सेकंद पुरावा. या वेगापुढें मनुष्याची मति कुंठित होते. परंतु प्रकाश सेकंदास सुमारें ३,००,००० किलोमीटर चालतो. त्याच्या तुलनेनें आमचा पाषाण पंधरा हजार पटींनीं मंद!

हा हिशेब मांडण्याचें कारण असें कीं, हल्लीं आमचे विद्यार्थी संगणकावर अवकाशयान चालविण्याचे खेळ खेळतात, आणि त्यांतील कांहींनीं आम्हांस विचारलें, "आइन्स्टाईनच्या मतें वेगवान यानांतील घड्याळ मंद चालतें, मग आमच्या खेळांत तें मंद कां होत नाहीं?" प्रश्न मार्मिक आहे. लोणारच्या पाषाणास एखादें घड्याळ बांधलें असतें, तर वेगामुळें तें आमच्या घड्याळाच्या मागें पडण्यास, एका सेकंदापुरतें, सुमारें १४ वर्षें लागलीं असतीं. आजचीं यानें याच कोटींतील वेगानें जातात. म्हणून मार्टिन श्वायगर यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ऑर्बिटर'सारख्या उत्तम आज्ञावलींतही न्यूटनच्याच नियमांवर काम भागविलेलें आहे, आणि तें योग्यच आहे. अपवाद अतिसूक्ष्म कालमापनाचा. मार्ग दाखविणाऱ्या जी. पी. एस. उपग्रहांचीं घड्याळें वेगामुळें दररोज ७ मायक्रोसेकंद मागें पडतात, तर तेथें गुरुत्वाकर्षण क्षीण असल्यामुळें ४५ मायक्रोसेकंद पुढें जातात. ही ३८ मायक्रोसेकंदांची तफावत दुरुस्त न केल्यास एका दिवसांत ११ किलोमीटरांची चूक व्हावयाची.

आतां प्रकाशाच्या ८/१० वेगानें जाणारें यान कल्पूं. भूमितीच्या पुस्तकांतील ३, ४ आणि ५ भुजांचा काटकोन त्रिकोण येथें फार उपयोगी पडतो. ८/१० चा वर्ग एकांतून वजा करून वर्गमूळ काढलें असतां ६/१० येतें. यानांतील घड्याळ आमच्या दहा मिनिटांत सहाच मिनिटें चालेल, आणि यानाची लांबीही आम्ही मोजूं तेव्हां सहा-दशांशच भरेल. सूर्याव्यतिरिक्त सर्वांत जवळचा तारा ४.२४ प्रकाशवर्षें दूर आहे. तेथें पोंचण्यास पृथ्वीच्या हिशेबानें ५.३ वर्षें लागतील, पण प्रवाशाच्या हिशेबानें ३.२ वर्षांहूनही किंचित् कमी.

खेळ रचणारास वाटतें, आतां काय उरलें? घड्याळ मंद करावें, यान चेपटें काढावें, झालें! येथेंच मोठी फसगत आहे. लांबी सहा-दशांश *मोजली जाते*, हें खरें. पण तशी ती *दिसते* असें नाहीं. जॉर्ज गॅमोव्ह यांच्यासारख्या थोर शास्त्रज्ञानेंही १९४० च्या सुमारास आपल्या श्री. टॉम्पकिन्सच्या गोष्टींत मंद प्रकाशाच्या नगरांतील सायकलस्वार चेपटाच दाखविला. ही चूक १९५९ सालीं पेनरोज व टेरेल यांनीं स्वतंत्रपणें उघडकीस आणली.

तिचें मर्म असें. मलकापूर स्टेशनाच्या फलाटापासून बऱ्याच अंतरावर आपण उभे आहों, आणि समोरून दहा मीटर लांब, रुंद व उंच अशी पेटी या वेगानें जात आहे असें समजा. डोळ्यांत एकाच क्षणीं शिरणारे किरण पेटीपासून एकाच क्षणीं निघालेले नसतात. पेटीच्या पलीकडील मागल्या कोपऱ्याचा किरण दहा मीटर अधिक चालून येतो. अर्थात् तो आधीं निघालेला असला पाहिजे. प्रकाश दहा मीटर चालेपर्यंत पेटी आठ मीटर सरकते. म्हणून तो कोपरा आठ मीटर मागें दिसतो, आणि जी मागली बाजू समोरून मुळींच दिसूं नये तीच दिसूं लागते! आपल्याकडील बाजू सहा मीटर, मागली आठ मीटर: हें चित्र चेपट्या पेटीचें नव्हे, तर वळवून ठेवलेल्या अखंड पेटीचें आहे. सबब, प्रामाणिक आज्ञावलीनें प्रत्येक बिंदूस विचारलें पाहिजे कीं, "तुझा किरण केव्हां निघाला?" हें कष्टाचें काम आहे, पण त्यास आडवाट नाहीं.

यानाच्या खिडकींतून दिसणारें आकाश तर याहून विलक्षण. पावसांतून धांवतांना सरळ पडणाऱ्या धारा समोरून तोंडावर येतात, त्याचप्रमाणें ताऱ्यांचे किरण पुढें झुकतात. अगदीं बाजूला, काटकोनांत असलेला तारा समोरच्या दिशेपासून अवघ्या ३७ अंशांवर दिसेल. सारें नक्षत्रमंडळ जणूं पुढें गोळा होईल. समोरच्या ताऱ्याच्या प्रकाशाची लहरलांबी एक-तृतीयांश होते. त्यामुळें त्याचा निळा प्रकाश जंबुपार प्रदेशांत जाऊन अदृश्य होतो, आणि एरव्हीं न दिसणारे त्याचे अवरक्त किरण नारिंगी वगैरे रंगांनीं प्रकट होतात. म्हणून ज्या आज्ञावलीजवळ ताऱ्यांच्या केवळ दृश्य रंगांची नोंद आहे, तिला हें आकाश रंगवितांच येणार नाहीं.

अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत २०१२ सालीं तयार झालेल्या एका खेळांत युक्ति उलट केली आहे: यानाचा वेग न वाढवितां प्रकाशच हळूहळू मंद करीत न्यावयाचा, म्हणजे पायीं चालणारासही हे सर्व चमत्कार दिसतात. कल्पना गॅमोव्हचीच, पण चित्र आतां हिशेबास धरून आहे. विद्यार्थ्यांस आम्हांला हीच वाट अधिक पसंत वाटते. कारण अनोळखी ताऱ्यांपेक्षां ओळखीच्या घरांचे रंग व आकार बदललेले चटकन् ध्यानांत येतात.

हें सर्व संगणकांतील मायाजाल तर नव्हे, अशी शंका पालकांस येईल. तळहात आडवा धरावा. त्यांतून सरासरी दर सेकंदास एक याप्रमाणें म्यूऑन नांवाचे कण आरपार जात असतात. ते सुमारें १५ किलोमीटर उंचीवर जन्मतात, आणि त्यांचें सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंदांचें; तेवढ्यांत प्रकाशही ६६० मीटरच जातो. तरीही ते लोणारच्या तळापर्यंत पोंचतात, कारण वेगामुळें त्यांचें घड्याळ मंद चालतें. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं उटकमंडच्या डोंगरावर हेच कण मोजण्याचें मोठें यंत्र उभारलें आहे.