खिडकीतून आलेला हुंडा

पातारा हे भूमध्य समुद्रकाठचं बंदर. आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर त्याचे अवशेष आहेत. तिथे म्हणे एक खानदानी गृहस्थ राहायचा. दिवस फिरले आणि घर अन्नाला महाग झालं. घरात तीन उपवर मुली. हुंड्याला पैसा नाही आणि हुंड्यावाचून लग्न जमत नाही. शेवटी बापाने जे ठरवलं ते लहान मुलांच्या पुस्तकात सहसा छापत नाहीत: मुलींना देहविक्रयाला बसवायचं. हे शेजारच्या निकोलसच्या कानावर गेलं. त्याचे आईबाप नुकतेच वारले होते आणि हाती भरपूर पैसा आला होता. त्याने सोनं फडक्यात बांधलं आणि मध्यरात्री त्या घराच्या खिडकीतून आत टाकून दिलं. सकाळी थोरलीच्या लग्नाची सोय झालेली होती.

काही दिवसांनी दुसरं गाठोडं पडलं. तिसऱ्या खेपेला बाप जागाच राहिला. पावलांच्या आवाजामागे धावला आणि त्याने निकोलसला गाठलं. निकोलसने त्याच्याकडून एकच वचन घेतलं: मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही.

नाताळला भेटी देण्याच्या प्रथेच्या मुळाशी ही कथा आहे, म्हणजे चक्क हुंड्याची कथा. मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागू नये. लग्नासाठी जमीन गहाण पडलेली आपण पाहिली आहे आणि देवळातल्या पेटीवर ‘गुप्तदान’ लिहिलेलंही रोज वाचतो.

आता पुराव्याचं बोलू. निकोलस मायरा या गावचा बिशप होता. त्या गावाला आज देमरे म्हणतात. परंपरा त्याचा मृत्यू ६ डिसेंबर ३४३ चा सांगते. त्याच्या हातची एक ओळही उरलेली नाही. तीन मुलींची कथा विस्ताराने येते ती मिखाएल नावाच्या मठाधिपतीने लिहिलेल्या चरित्रात, साधारण नवव्या शतकात. मधली जवळपास पाचशे वर्षं कोरी नाहीत, पण गोंधळाची आहेत. त्याच भागात सहाव्या शतकात सायन मठाचा आणखी एक निकोलस होऊन गेला. पुढच्या चरित्रकारांनी दोघांची सरमिसळ केली. आपल्याकडे एकाच नावाच्या दोन संतांचे अभंग एकमेकांत मिसळतात, तसंच झालं. शिवाय अपोलोनियस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या चरित्रात याच वळणाची जुनी गोष्ट आहे: चार मुलींचा बाप, हुंड्याची काळजी आणि शेतात सापडलेला मोहरांचा हंडा. माझ्या मते कथा निकोलसच्या आधीची असावी. तिला एक भला माणूस हवा होता, तो तिला मायरात मिळाला.

गाठोड्यांचे पुढे चित्रकारांनी सोन्याचे तीन गोळे केले. फ्लोरेन्समधल्या एका चर्चसाठी जेन्तिले दा फाब्रियानोने १४२५ मध्ये रंगवलेल्या वेदीचित्राचा एक छोटा फलक आज व्हॅटिकनच्या संग्रहात आहे. रात्रीची वेळ. निकोलस बाहेरून उंच होऊन खिडकीतून आत पाहतो आहे. खोलीत झोपायची तयारी चालली आहे आणि एक मुलगी बापाच्या पायातलं पादत्राण काढते आहे. दाता आत पाहतो, आतल्यांना त्याचा पत्ता नाही. साऱ्या कथेचा जीव या एका खोलीत आहे. गंमत म्हणजे युरोपात सावकारी पेढ्यांच्या पाटीवरही तीन सोनेरी गोळेच टांगलेले असतात आणि निकोलस हा त्या सावकारांचाही रक्षक संत!

१०८७ मध्ये इटलीतल्या बारी शहराच्या खलाशांनी मायरातून त्याच्या अस्थी उचलून नेल्या. चोरीच ती, पण बारीत तिचा सण झाला. ९ मे रोजी तो आजही साजरा होतो. उरलेले अवशेष काही वर्षांनी व्हेनिसवाल्यांनी नेले. संत पश्चिमेकडे गेला तशी त्याची कथाही गेली. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरच्या रात्री मुलं बूट ठेवू लागली आणि त्यांना सिंटरक्लास, म्हणजे हाच निकोलस, भेटी देऊ लागला. ल्यूथरच्या अनुयायांना संतपूजा नको होती. म्हणून अनेक जर्मन घरांत भेटी नाताळला सरकल्या आणि देणारा झाला बाळ येशू. न्यूयॉर्कमध्ये वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८०९ च्या विनोदी इतिहासात या डच संताला पुन्हा उभं केलं. १८२३ मध्ये ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात निनावी छापलेल्या एका कवितेने त्याला आठ रेनडिअर दिले. पुढे टॉमस नास्टच्या व्यंगचित्रांनी त्याचं रूप ठसवलं. सांताक्लॉज झालेल्या या संताचा लाल डगला शीतपेय कंपनीने शिवला, ही आवडती दंतकथा मात्र खोटी आहे. कंपनीच्या १९३१ च्या जाहिरातींआधीही तो लाल कपड्यांत दिसत होता.

भेटींचा दुसरा उगम मत्तयच्या शुभवर्तमानात आहे: पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी आणलेलं सोनं, ऊद आणि बोळ. ते तिघे होते असं मत्तय कुठेही म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून ज्ञानी तीन, हा हिशेब मागाहून झाला आणि ते राजेही मागाहूनच झाले. गोव्यात मांडवीकाठच्या रेइश मागुशचं चर्च याच राजांच्या नावाचं आहे. ६ जानेवारीच्या फेस्ताला तिथे मुकुट घातलेली तीन मुलं राजे होतात.

या राजांना पुढे कास्पर, मेल्खियोर आणि बाल्थाझार अशी नावं मिळाली. निकोलसने तर आपलं नाव लपवायला सांगितलं होतं, तरी ते जगभर झालं. पाताऱ्यातल्या त्या तीन मुलींची नावं मिखाएलने लिहिलेली नाहीत.