आजीला ऐकू येणारी रिंगटोन

लग्नाच्या पंगतीत कधी ही गंमत पाहिली आहे का? कुठेतरी एक फोन वाजतो आणि दहा जण आपापल्या खिशाला हात लावतात! सगळ्यांच्या फोनमध्ये कंपनीनं घालून दिलेली तीच ती रिंगटोन. मग आपला फोन कुठला आणि शेजाऱ्याचा कुठला, हे कळणार तरी कसं?

पण आपल्या फोनला आपल्या स्वतःच्या संगीताचा आवाज देता येतो, बरं का! त्याला पैसे पडत नाहीत. घरात पेटी, बासरी, ढोलकी असेल तर उत्तमच. नसेल तर स्टीलचा डबा आणि स्वतःचा गळा चालतो. माझ्या सातवीतल्या भाचीनं मे महिन्याच्या सुट्टीत हा उद्योग केला. पण तो हौस म्हणून नव्हे. त्यामागे एक कारण होतं.

११ मिस्ड कॉल

भाचीची आजी, म्हणजे माझी आई, गावी एकटी राहते. वय ७८, पण कामाला अजून वाघीण. एका संध्याकाळी माझ्या ताईनं तिला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. असं एकदा नव्हे, अकरा वेळा झालं. ताईचा जीव खालीवर होऊ लागला. पडली-बिडली तर नसेल? शेवटी शेजारच्या काकांना फोन करून घरी धाडलं.

आजी मागल्या दारी निवांत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती! फोन आत स्वयंपाकघरात वाजून वाजून दमला होता. आवाज पूर्ण मोठा केलेला होता. तरी आजी म्हणाली, "वाजलाच नाही गं. वाजला असता तर मला ऐकू नसता का आला?"

आता गंमत पाहा. हीच आजी देवळातली घंटा घरात बसून ऐकते. रस्त्यावरून कुणी हाक मारली तर ओ देते. मग फोनच तेवढा का ऐकू येत नाही?

कानाचं गणित

आवाज म्हणजे हवेची थरथर. ही थरथर सेकंदाला जितकी वेळा होते, तितके 'हर्ट्झ' असं मोजतात. कमी कंपनं म्हणजे खालचा, जाड आवाज. जास्त कंपनं म्हणजे वरचा, बारीक आवाज. तुमच्यासारख्या मुलांचे कान साधारण २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू शकतात. वय वाढलं, की वरचे आवाज आधी कमी होत जातात. खालचे आणि मधले त्या मानानं जास्त दिवस टिकतात.

आजीच्या फोनची रिंगटोन होती काचेच्या बांगड्यांसारखी किणकिणणारी. म्हणजे नेमकी तिच्या कानाला न पेलणारी! भाचीनं ठरवलं, की आजीसाठी वेगळी रिंगटोन करायची. पण त्याआधी आजीला काय ऐकू येतं, ते तपासायला हवं.

आजीला मागल्या दारी बसवलं, दार अर्धं लोटलं आणि भाची आत पेटी घेऊन बसली. ती एकेक सूर वाजवणार. ऐकू आला, की आजीनं एक शेंग टोपलीत टाकायची! मी टोपलीजवळ वहीपेन्सिल घेऊन बसलो. पेटीच्या डाव्या आणि मधल्या पट्ट्या वाजल्या, तशा शेंगा पटापट पडल्या. अगदी उजवीकडच्या पट्ट्या आल्या आणि आजी शेंग हातात धरून विचारू लागली, "थांबलीस का गं?" ती थांबली नव्हती. वाजवतच होती.

ढोलकी कुठे गेली?

"मग सोपं आहे!" भाची म्हणाली. "खालचा आवाज हवा ना? ढोलकी वाजवते!" तिनं झकास ठेका धरला, फोनवर रेकॉर्ड केला आणि लावून पाहिला. पण हे काय? ढोलकीचा घुमारा गायब. नुसतं टक टक टक!

ही चूक तुम्हीही कराल, म्हणून नीट समजून घ्या. खालचे सूर ऐकू यायला पुष्कळ हवा हलवावी लागते. म्हणून तर मिरवणुकीतले मोठे स्पीकर कपाटाएवढे असतात. फोनचा स्पीकर असतो नखाएवढा. तो बिचारा किती हवा हलवणार? रेकॉर्डिंगमध्ये घुमारा होता, हेडफोन लावल्यावर तो ऐकूही आला, पण फोनच्या स्पीकरला तो झेपला नाही.

म्हणजे फार वरचा आवाज आजीच्या कानाला चालत नाही आणि फार खालचा आवाज फोनला चालत नाही. उरला तो मधला पट्टा. या पट्ट्यात काय येतं? माणसाचं बोलणं! जुन्या टेलिफोनच्या तारेतून साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढेच आवाज पाठवत असत, कारण बोलणं समजायला तेवढे पुरतात. पेटीही इथं कामाला येते. काळी एक पट्टीतला मध्य सप्तकातला सा सुमारे २७७ हर्ट्झचा असतो. शिवाय पेटीच्या एका सुराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही गुपचूप वाजत असतात. त्यामुळे छोट्या स्पीकरमधूनही पेटी भरदार वाटते.

मग भाचीनं मधल्या पट्ट्यांवर चार सुरांची एक छोटी चाल बांधली. तिची स्वतःची, कुठल्याही गाण्याची नव्हे.

चला, करू या!

तुम्हालाही करायचं आहे ना? फोन आई-बाबांचा असेल तर आधी त्यांना विचारा. मग असं करा.

रेकॉर्डिंग: फोनमधला रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद करा, खिडकी लावा. फोन वाद्यापासून दोन हात लांब ठेवा. फार जवळ ठेवला तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही! एकच चाल तीन-चारदा वाजवा आणि त्यातली उत्तम निवडा.

कापणी: संगणक असेल तर 'ऑडॅसिटी' नावाचा प्रोग्राम मोफत मिळतो. २००० सालापासून जगभरातले लोक तो वापरत आहेत. त्यात आपला आवाज डोंगररांगेसारखा दिसतो. हवा तो भाग निवडायचा, बाकीचा कापून टाकायचा. फोनवरही अशी मोफत ॲप मिळतात. सुरुवातीची शांतता मात्र बिलकूल ठेवू नका. फोन करणारा तिकडे वाट पाहत असतो!

कडा: आवाज मध्येच कापला, तर टोकाला 'टिक' असा खटका येतो. म्हणून सुरुवातीचा अगदी छोटा तुकडा हळूहळू चढता आणि शेवटचा हळूहळू उतरता करायचा. याला 'फेड इन' आणि 'फेड आउट' म्हणतात.

जपून ठेवणं: साध्या 'वेव्ह' फाइलमध्ये सीडीच्या दर्जाचा ३० सेकंदांचा आवाज सुमारे ५३ लाख बाइट जागा खातो. तोच आवाज १२८ किलोबिटच्या 'एमपी३'मध्ये ४ लाख ८० हजार बाइटमध्ये मावतो. म्हणजे जवळजवळ अकरावा हिस्सा! फोनच्या स्पीकरवर हा फरक कानाला जाणवतही नाही.

फोनमध्ये बसवणं: अँड्रॉइड फोनमध्ये फाइल 'रिंगटोन्स' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि सेटिंगमध्ये आवाजाच्या पानावर जाऊन ती निवडा. निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनमध्ये शब्द थोडे बदलतात, पण वाट हीच. आयफोनमध्ये 'गॅरेजबँड' या ॲपमधून आपली चाल रिंगटोन म्हणून पाठवता येते. तिथे मर्यादा ३० सेकंदांची.

समेवर या!

रिंगटोन संपली, की पहिल्यापासून पुन्हा सुरू होते. त्यामुळे शेवट कुठे करायचा, हे महत्त्वाचं. तबला शिकणाऱ्यांना हे पटकन कळेल. केहरवा ८ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची आणि एक आवर्तन ४ सेकंदांचं. सहा आवर्तनं घेतली, की २४ सेकंद झाले. पुढची सम यायच्या अगदी आधी कापायचं. मग पुन्हा सुरू झाल्यावर सम बरोब्बर सापडते. सातव्या मात्रेवर कापलंत, तर ठेका दर वेळी ठेचकाळेल! आता सांगा पाहू, याच लयीत ६ मात्रांच्या दादऱ्याची किती आवर्तनं २४ सेकंदांत बसतील?

आजीच्या रिंगटोनमध्ये भाचीनं शेवटी दोन सेकंद मुद्दाम रिकामे सोडले. जुन्या टेलिफोनची घंटाही 'ट्रिंग ट्रिंग' वाजून थोडी थांबायची आणि मग पुन्हा वाजायची. सतत वाजणाऱ्या आवाजाची कानाला सवय होते, पण थांबून पुन्हा सुरू झालेल्या आवाजाकडे लक्ष जातं.

एका वेळी एकच सूर

आज हे सगळं घरबसल्या होतं, पण पूर्वी असं नव्हतं. नोकिया फोनची ती सुप्रसिद्ध धून आई-बाबांना अजून आठवत असेल. ती फ्रान्सिस्को तारेगा या स्पॅनिश गिटारवादकानं १९०२ साली रचलेल्या 'ग्रान वाल्स' या रचनेतली. नोकियानं ती १९९४ साली फोनमध्ये घातली. त्या काळच्या फोनमधून एका वेळी एकच सूर निघे. पुढे काही फोनमध्ये बटणं दाबून एकेक सूर टिपत स्वतःची चाल बांधता येऊ लागली.

नंतर फिनलंडमधल्या वेसा-मत्ती पानानेन या प्रोग्रामरनं एक प्रोग्राम लिहिला. त्यात बांधलेली चाल चक्क एसएमएसमधून फोनवर पाठवता यायची. त्या प्रोग्रामचं नाव काय होतं, ठाऊक आहे? 'हार्मोनियम'! म्हणजे आपली पेटीच की!

पण हे गाणं कुणाचं?

आपण स्वतः बांधलेली, स्वतः वाजवलेली चाल आपली. ती मित्रांना खुशाल द्या. दुसऱ्याचं गाणं मात्र त्याच्या मेहनतीचं असतं. त्याचा तुकडा कापून वाटत सुटणं बरं नव्हे आणि कायद्यातही बसत नाही. ॲपवर ऐकतो ती गाणी तर बहुधा कुलूपबंदच असतात, कापता येत नाहीत. त्यापेक्षा आपली चार सुरांची चाल लाख पटीनं बरी!

कोण हाक मारतंय?

भाचीनं चार सुरांच्या मागोमाग स्वतःची हाक घातली होती, "आजी, अगं आजी!" पण पहिल्या चाचणीत वेगळंच झालं. सुरांच्या आधी हाक ठेवली गेली होती. मी अंगणातून फोन लावला. आजी शेंगा टाकून उठली आणि थेट पुढच्या दारी आली. "कोण हाक मारतंय? पोर आली वाटतं!" फोन आत वाजतोच आहे!

आम्ही पोट धरून हसलो. मग भाचीनं क्रम बदलला. आधी पेटीचे चार सूर, म्हणजे फोन आहे हे कळावं. मग हाक, मग दोन सेकंद शांतता. दुसऱ्या दिवशी दहा वेळा फोन लावून पाहिला. नऊ वेळा आजीनं उचलला. दहाव्यांदा ती म्हणाली, "आता पुरे, मला कामं आहेत!"

आई-बाबांसाठी एक गोष्ट. घरातल्या वडीलधाऱ्यांना फोन ऐकू येत नसेल, तर कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी जरूर करून घ्या. रिंगटोन हा त्यावरचा उपचार नव्हे. शिवाय बऱ्याच फोनमध्ये कॉल आल्यावर दिवा लुकलुकण्याची सोयही असते, तीही सुरू करून ठेवा.

सुट्टी संपली, भाची परत आपल्या घरी गेली. निघताना तिनं आजीचाही आवाज रेकॉर्ड करून नेला. एका नंबरासाठी वेगळी रिंगटोन ठेवता येते ना, तशी ती ठेवली आहे. आता संध्याकाळी ताईच्या घरी फोन वाजतो तो असा, "जेवलीस का गं?" आणि कोण फोन उचलणार, यावरून मायलेकींची रोज भांडणं होतात!