प्रकरणांचें पहिलें पुस्तक

मुळाक्षरें झालीं, बाराखडी झाली, जोडाक्षरेंही जमूं लागलीं. आतां मुलाच्या हातीं कोणतें पुस्तक द्यावें, हा प्रश्न पुष्कळ पालकांस पडतो. एका बैठकींत संपणारें चित्रांचें पुस्तक त्यास अपुरें वाटूं लागतें, आणि मोठा ग्रंथ पाहून तें दचकतें. या दोहोंमधील पायरी म्हणजे लहान लहान प्रकरणांचें पुस्तक होय. या पायरीचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें. कारण जव्हार व मोखाडा या तालुक्यांत पुष्कळ मुलें वाचावयास शिकतात, परंतु वाचनाची गोडी लागण्यापूर्वींच त्यांचें पुस्तक सुटतें.

असें पुस्तक ओळखावें कसें? अक्षर ठसठशीत असावें, वाक्यें आटोपशीर असावीं, मधून मधून चित्र असावें. प्रकरण पांचसहा पानांहून मोठें नसावें. तें स्वतःपुरतें पुरें असावें, तरीही पुढें काय झालें ही हुरहुर मागें ठेवणारें असावें. मुख्य म्हणजे पहिल्या प्रकरणांत भेटलेलीं माणसें शेवटपर्यंत सोबत राहावीं. ओळखीच्या माणसांची सोबत असली म्हणजे अनोळखी शब्दांची भीति वाटत नाहीं.

शब्दांची आवड लागते ती येथेंच. समजा, 'कपार' हा शब्द मुलास ठाऊक नाहीं. पहिल्या प्रकरणांत हरवलेलें करडूं खडकाच्या कपारींत सांपडतें. तिसऱ्यांत त्याच कपारींत पांखराचें घरटें दिसतें. पांचव्यांत पाऊस आला म्हणून मुलें तेथेंच आडोसा घेतात. कोणीही अर्थ सांगितला नाहीं, तरी कपार म्हणजे काय हें मुलाच्या मनांत पक्कें बसतें. पाठ केलेला अर्थ परीक्षेनंतर विसरतो. असा भेटलेला शब्द मात्र मुलाच्या स्वतःच्या बोलण्यांत उतरतो. सळसळ, झुळझुळ, रिमझिम असे शब्द तर मोठ्यानें वाचतांना कानालाच गोड लागतात. म्हणून हीं पुस्तकें मनांतल्या मनांत न वाचतां मोठ्यानें वाचावीं.

मराठींत मुलांसाठीं ग्रंथ लिहिण्याची परंपरा जुनी आहे. १८२८ सालीं सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचें 'बाळमित्र' निघालें. बर्कें या फ्रेंच लेखकाच्या ग्रंथाच्या इंग्रजी रूपावरून तें केलेलें होतें. पुढें अमेरिकन मराठी मिशनचें 'बालबोधमेवा', १८८१ मध्यें विनायक कोंडदेव ओक यांचें 'बालबोध' आणि १९०६ मध्यें वासुदेव गोविंद आपटे यांचें 'आनंद' या मासिकांनीं मुलांस पुढील अंकाची वाट पाहावयास शिकविलें. प्रकरणांच्या पुस्तकाचा उत्तम नमुना मात्र साने गुरुजींनीं दिला. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं लिहिलेल्या व १९३५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'श्यामची आई' या पुस्तकांत प्रकरणांस प्रकरण न म्हणतां 'रात्र' म्हटलें आहे. आश्रमांतील सोबत्यांस श्याम रोज रात्रीं एकेक आठवण सांगतो, आणि अशा ४२ रात्रींनीं पुस्तक पुरें होतें. थोड्या मोठ्या मुलांस ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हे असेच एका गोष्टींतून दुसऱ्या गोष्टींत भेटणारे मित्र आहेत.

रात्रीं रात्रींनीं गोष्ट ऐकणें आमच्या डोंगरांतील मुलांस नवें नाहीं. बोहाड्यांत एकामागून एक सोंगें येतात, आणि पुढलें सोंग कोणतें या उत्सुकतेनें मुलें डोळे ताणून बसतात. ऐकण्याची ही संवय पुस्तकास फार उपकारक आहे. अडचण आहे ती भाषेची. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी, महादेव कोळी अशा घरांतून आलेल्या मुलाची बोली आणि पुस्तकांतील मराठी यांत अंतर असतें. घरीं जी नागली, ती पुस्तकांत नाचणी होते. अशा वेळीं "तुझा शब्द चुकीचा" असें म्हटलें कीं मूल गप्प बसतें, आणि गप्प बसलेल्या मुलास कोणताही शब्द आवडेनासा होतो. त्याऐवजीं "नागली आणि नाचणी हीं एकाच धान्याचीं दोन नांवें" असें सांगावें. म्हणजे मुलाजवळ एका शब्दाच्या जागीं दोन होतात. प्रभु येशूनें लोकांस शिकविलें, तेंही बी पेरणारा, मेंढपाळ, जाळें अशा त्यांच्या रोजच्या शब्दांनींच.

हीच वाट आमच्या पालघर जिल्ह्यांत ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं दाखविली. १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं बालशिक्षणाचें काम केलें. पानें, फुलें, शिंपले, खडे हींच त्यांचीं साधनें होतीं. मुलें शाळेंत येत ना, तेव्हां शाळाच पाड्यावर नेली. मुलाच्या ओळखीच्या जगापासून आरंभ करावा, हें त्यांच्या कार्याचें मर्म होय.

आतां पालकांस दोन शब्द. भात-नागलीची कापणी आटोपली कीं आपल्यांतील कित्येक कुटुंबें भिवंडी, वसई, कल्याण या बाजूंस वीटभट्ट्यांवर जातात. शाळा मागें राहते, आणि पावसाच्या तोंडीं परतलेलें मूल शिकलेलें विसरलेलें असतें. शाळा बरोबर नेतां येत नाहीं. परंतु एक लहान पुस्तक गांठोड्यांत सहज मावतें. रात्रीं भाकरी झाल्यावर एक प्रकरण, एवढाच नेम ठेवावा. आम्हांस वाचतां येत नाहीं, असें कित्येक आईबाप संकोचानें म्हणतात. त्यांनीं वाचूं नये, ऐकावें. मूल वाचील, अडेल तेथें "ह्याला आपण काय म्हणतों?" असें तें विचारील, आणि आपण आपला शब्द सांगावा. पुस्तकांत नसलेलें असें पुष्कळ आपणांपाशीं आहे.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हींही एक करावें. प्रत्येक प्रकरणांतून आवडलेला एक शब्द वहींत उतरून घ्यावा आणि शेजारीं आपल्या घरचा शब्द लिहावा. दहा प्रकरणें संपलीं कीं वहींत वीस शब्द होतील. मग ती वही धाकट्या भावंडांस वाचून दाखवावी. पुढचें पुस्तक तीं आपण होऊन मागतील.