प्रयोग पाहायला जाताना

मुंबईच्या फोर्ट भागात 'काळा घोडा' नावाचा परिसर आहे. तिथे जहांगीर कलादालन आहे, डेव्हिड ससून ग्रंथालय आहे आणि समोरच मोठे वस्तुसंग्रहालय आहे. परंतु या परिसराला नाव मिळाले ते एका पुतळ्यावरून. इंग्लंडचे युवराज, म्हणजे पुढे राजे झालेले सातवे एडवर्ड, घोड्यावर बसले आहेत, असा तो पुतळा होता. १८७९ साली तो इथे उभा राहिला. लोकांनी युवराज विसरून घोडा तेवढा लक्षात ठेवला! १९६५ साली तो पुतळा भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवण्यात आला. नाव मात्र हलले नाही. २०१७ साली तिथे नवा काळा घोडा बसवला गेला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

याच परिसरात १९९९ सालापासून काळा घोडा कला महोत्सव भरतो. जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या आरंभी नऊ दिवस तो चालतो. चित्रे, शिल्पे, पुस्तके असे तिथे पुष्कळ असते. आपण मात्र नाटक आणि नृत्य यांच्याविषयीच बोलू. हॉर्निमन सर्कलचे उद्यान, क्रॉस मैदान, ग्रंथालयाची बाग, आसपासची सभागृहे अशा वेगवेगळ्या ठिकाणी हे प्रयोग होत आले आहेत. बहुतेक प्रयोगांना तिकीट नसते. जो आधी येईल त्याला जागा, असा नियम असतो. म्हणून वर्तमानपत्रातील कार्यक्रमपत्रिका पाहून एखादाच प्रयोग निवडावा आणि अर्धा-पाऊण तास आधी रांगेत उभे राहावे. एका संध्याकाळी चार ठिकाणी धावणारे प्रेक्षक दिसतात. त्यांना चारही प्रयोगांचा शेवट तेवढा पाहायला मिळतो!

तिकीट नाही, तरीही अनेक मुले तिकडे फिरकत नाहीत. 'ते आपल्याला काय कळणार?' असे त्यांना वाटते. ही भीती कितपत खरी आहे ते पाहू.

आधी शब्दांकडे लक्ष द्या. मराठीत लोकनाट्याच्या एका प्रसिद्ध प्रकाराला 'तमाशा' म्हणतात. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. तो अरबी-फारसीतून मराठीत आला. पोवाडे रचणारा आणि गाणारा तो 'शाहीर'; तुमचा 'शायर' आणि हा शाहीर मुळात एकच. रंगमंचावरचा 'पडदा' तुम्हांला सांगायलाच नको. कलाकाराचे काम आवडले, की प्रेक्षक 'दाद' देतात. फारसीत दाद म्हणजे न्याय. मराठीत आपण कोर्टात दाद मागतो आणि नाटकाला दाद देतो, ती याचमुळे. चांगल्या कलेला 'वाह!' म्हणणे हा तिला दिलेला न्यायच नाही का?

नाटकाचा इतिहासही असाच एकमेकांत गुंफलेला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' हे नाटक केले. त्या प्रयोगाची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन मानतात. १८५३ साली भावे आपली मंडळी घेऊन मुंबईला आले आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांनी प्रयोग केले. याच शहरात पुढे पारशी नाटक कंपन्यांनी उर्दू नाटके गाजवली. आगा हश्र काश्मीरी हे त्या काळातले मोठे नाटककार. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर' या नाटकावरून त्यांनी 'सफेद खून' लिहिले.

आता नृत्याकडे वळू. महोत्सवात कथ्थक, भरतनाट्यम, लावणी असे अनेक प्रकार असतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याने कथ्थकपासून सुरुवात करावी, असे मला वाटते. कथ्थक म्हणजे कथा सांगणारा. मंदिरांतून आणि गावागावांतून कथा सांगणाऱ्यांची ही कला पुढे दरबारात गेली. लखनौचे नवाब वाजिद अली शाह यांनी तिला आश्रय दिला आणि ते स्वतःही ती शिकले. म्हणून कथ्थकमध्ये उर्दू शब्द आढळतात. नर्तकीच्या प्रवेशाच्या रचनेला 'आमद' म्हणतात. वंदन करण्याच्या रचनेला 'सलामी' म्हणतात. निवेदकाने हे शब्द उच्चारले, की इतर प्रेक्षक अर्थ शोधत बसतील. तुम्हांला तो आधीच ठाऊक असेल.

नर्तकीच्या एकेका पायात शंभराहून अधिक घुंगरू असतात. इतके घुंगरू असूनही ती मनात आणील तर एकच घुंगरू वाजल्यासारखा नाजूक आवाज काढते. तेव्हा सभागृह अगदी शांत हवे. शेजारी कोणी वेफर्सची पिशवी फोडली, की तो आवाज गेलाच.

नृत्यातले गणित समजले, तर दुप्पट मजा येते. कथ्थकमध्ये त्रिताल फार वापरतात. त्याच्या मात्रा सोळा. पहिल्या मात्रेला 'सम' म्हणतात. मनातल्या मनात एक ते सोळा मोजा. सोळानंतर पुन्हा एक. नर्तकी पायांनी बोल वाजवत कितीही दूर गेली, तरी तिला बरोबर समेवर परत यायचे असते. कधी ती एकच तुकडा तीन वेळा करते. त्याला 'तिहाई' म्हणतात. तिसऱ्या वेळचा शेवटचा ठोका नेमका समेवर पडतो आणि जाणकारांच्या टाळ्या त्याच क्षणी येतात. पहिल्या दोन वेळा मोजण्यात चूक झाली, तरी हरकत नाही. थोड्या वेळाने तुमची मान आपोआप समेवर हलू लागते.

भरतनाट्यममध्ये हातांकडे पाहावे. 'अभिनयदर्पण' या जुन्या ग्रंथात एका हाताच्या २८ मुद्रा दिल्या आहेत. 'पताका' या मुद्रेत पंजा उघडा आणि बोटे जुळलेली असतात. याच हाताने ढग दाखवतात, नदी दाखवतात, जंगलही दाखवतात. आता यातला ढग कोणता आणि नदी कोणती? ते नर्तिकेचे डोळे सांगतात. नजर वर गेली तर ढग!

नाटक पाहताना डोळ्यांइतकेच कान जागे ठेवावे लागतात. नाट्यगृहात तीन घंटा होतात. तिसऱ्या घंटेनंतर दिवे मालवतात आणि पडदा उघडतो. त्यानंतर आत शिरणे वाईट. अंधारात तुम्ही इतरांच्या पायांवर पाय देता, आणि नटाचे लक्षही विचलित होते. मोबाइल नुसता मूक करून चालत नाही, बंदच करावा. त्याचा उजेड रंगमंचावरून स्पष्ट दिसतो. सिनेमातला नट तुम्हांला पाहत नाही. नाटकातला नट मात्र तुमचे हसणे ऐकतो आणि हशा ओसरेपर्यंत पुढचे वाक्य थांबवून धरतो. लवकर बोलला तर वाक्य हशात बुडते, उशीर केला तर रंग उतरतो. म्हणून एकाच नाटकाचे दोन प्रयोग कधी अगदी सारखे होत नाहीत.

पथनाट्याची रीत निराळी आहे. त्याला पडदा नाही आणि घंटाही नाही. डफ किंवा ढोलकी वाजली, की लोक गोल करून उभे राहतात आणि मध्ये नाटक सुरू होते. अशा वेळी उंच मुलांनी मागे राहावे, लहानांना पुढे बसू द्यावे. नट कधी प्रेक्षकांनाच प्रश्न विचारतात. सुचेल ते उत्तर द्यावे, लाजू नये.

प्रयोग संपल्यावर कलाकार बहुधा लगेच निघून जात नाहीत. तबलजी तबल्यावर गवसणी घालत असतात, नर्तकी घुंगरू सोडत असते. जवळ जाऊन अदबीने विचारले, तर घुंगरू किती वजनाचे असतात ते हातात घेऊनही पाहता येते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाहीत, त्यामुळे मैदानातले आणि उद्यानातले कार्यक्रम त्याआधीच आटोपतात. चर्चगेट आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ही दोन्ही स्थानके तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.